आरतीच्या नावापुढची टिक

कुणाला खोटं वाटलं तर वाटो. हे माझ्या डोळ्यांसमोर घडलंय. आणि आठवलं की भीतीच्या आधी मला राग येतो.

मागच्या मे महिन्यातली दुपार. अमरावती, राजापेठ. दुसऱ्या मजल्यावरचं आमचं ऑफिस. खाली रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

आमची कंपनी प्रोग्रामरांसाठी एक सॉफ्टवेअर बनवते. कोडमध्ये कुणी, कधी, काय बदललं, याचा सगळा इतिहास त्यात राहतो. प्रत्येक नोंदीपुढे करणाऱ्याचं नाव आणि एका ओळीची टीप. आम्ही आमच्या कामालाही तेच वापरतो.

त्यातलं निम्म्याहून जास्त काम आरतीचं. बार्शीटाकळीची, शेतकऱ्याची पोर. टिपासुद्धा वऱ्हाडीत लिहायची. "हे मोडलं होतं, नीट केलं. आता कोनी हात लावू नका."

फेब्रुवारीत मूर्तिजापूरजवळ तिच्या गाडीला ट्रकनं उडवलं. जागीच गेली.

महिना उलटला नाही तोच आमचे मालक, कमलाकांत सर, यांनी मला बोलावलं. इतिहासात गाळणी हवी होती. नावापुढे टिक केली की त्या माणसाच्या नोंदी दिसायच्या नाहीत. सोय वाईट नव्हती. हजारो नोंदींतून हवं तेवढंच दिसावं असं कुणालाही वाटतं. मी मन लावून केली. वर एक ओळही ठेवली, 'काही नोंदी लपवल्या आहेत', म्हणजे पाहणारा फसणार नाही.

सरांनी ती ओळ काढायला लावली.

मग स्वतःच्या हातानं आरतीच्या नावापुढे टिक केली. सगळ्यांच्या पडद्यांवरून तिच्या नोंदी गेल्या.

पुण्याचं गिऱ्हाईक येणार होतं. सगळं काम आपल्या भाच्यानं, गौरांगनं केलं, असं त्यांना दाखवायचं होतं. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते हेच. मी भांडले. नोकरी नको असेल तर तसं सांग, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ती काढलेली ओळ परत दिसली...

मी कोड तपासला. तिथे ती नव्हती.

पडद्यावर मात्र होती. गौरांगनं पुन्हापुन्हा शोधली, हाती काहीच लागलं नाही.

आणि त्या मे महिन्यातल्या दुपारी आरतीचे वडील आले. खुशालराव. डोक्याला पांढरा दुपट्टा, ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा. पाणी प्यायले आणि म्हणाले, "माह्या पोरीनं काय काम केलं, ते पाहाचं होतं. तिचं नाव राह्यते म्हणे त्यात."

सर हसले. "काका, ती नुसती मदतीला होती. तिचं नाव कशाला असेल?" आणि वरची ती ओळ हातानं झाकून पडदा त्यांच्याकडे फिरवला.

गौरांग. गौरांग. गौरांग.

म्हाताऱ्यानं पडदा वरपासून खालपर्यंत पाहिला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठले. "सर, खोटं बोलताय तुम्ही. तिचं नाव तुम्हीच लपवलंय," म्हटलं आणि माऊसकडे हात नेला.

तेवढ्यात लाईन गेली.

कूलर थांबला. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर चालूच होते. त्या शांततेत...

टक. टक. टक.

आवाज आरतीच्या टेबलावरून येत होता.

त्या टेबलावर कीबोर्डच नव्हता...

माझा हात माऊसपर्यंत पोहोचलाही नव्हता. टिक आपोआप गेली.

आरती. आरती. आरती. पानभर तीच.

खुशालराव बोट ठेवून एकेक ओळ वाचत होते. सगळ्यांत वर एक नवी नोंद होती. त्याच दिवसाची. त्याच क्षणाची.

"बाबा, एवढ्या उनात कावून आले?"

सरांचा चेहरा पांढराफटक पडला. म्हातारा मात्र घाबरला नाही. त्यानं दुपट्ट्यानं डोळे पुसले, उठला आणि जिना उतरला. उतरताना हळू आवाजात कुणाशी तरी बोलत होता...

जिन्यावर त्याच्याशिवाय कुणी नव्हतं.

संध्याकाळी मी खुशालरावांना फोन केला. नीट पोहोचलात का, विचारलं.

"पोचलो," ते म्हणाले. "म्या तिले म्हटलं, चाल घरी. एस्टीपर्यंत आली बी. मंग म्हने, तुमी जा बाबा. सरांचं काम बाकी आहे."

आता सर केबिनमध्ये एकटे बसत नाहीत. गौरांगला समोर बसवून ठेवतात. तरी मधूनच मागे वळून पाहतात... मागे भिंत आहे.

तिचं कोणतं काम बाकी आहे, मला ठाऊक नाही. भीती वाटते, खरंच वाटते. पण तिला थांब म्हणायला माझी जीभ रेटत नाही.