शेवटी दोन टिंबं

तिच्या वडिलांनी शेजारीपाजारी सांगून ठेवलं होतं, "आमची मुलगी टेबलं दुरुस्त करते." त्यामुळे एकदा वरच्या मजल्यावरचे आजोबा लंगडणारा टीपॉय घेऊन दारात हजर झाले. संगणकातल्या माहितीच्या तक्त्यांनाही टेबलच म्हणतात, हे समजावताना तिच्या नाकी नऊ आले. शेवटी तिने पुठ्ठ्याची घडी घालून तो टीपॉय खरंच दुरुस्त करून दिला. तेव्हापासून ओळखीपाळखीत ती टेबलवाली झाली.

ही टेबलवाली एका सोमवारी सकाळी बसच्या हरवलेल्या वस्तूंच्या कार्यालयात आली. तळमजल्यावरची लांबट खोली, दमट कापडाचा वास, लोखंडी मांडण्यांवर छत्र्या, डबे, एकेकटे मोजे आणि एक कवळीसुद्धा. कवळी विसरून माणूस घरी पोचतो कसा, हे तिला कळेना. समोर दोन खिडक्या होत्या. दुसरीत खिडकीवाले काका बसत. त्यांच्या नाकावरचा तपकिरी चष्मा निघाला की त्यांना स्वतःचा हातही धड दिसत नसे. पहिली खिडकी बंद होती. तिच्यामागच्या खुर्चीवर काकांची बायको अठरा वर्षं बसली होती आणि येणारी प्रत्येक वस्तू संगणकात नोंदवत होती. दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या. नोंदी आता वरच्या मजल्यावर होत. खुर्चीवरची उशी मात्र वाकडी पडली होती तशीच होती, कारण काका तिला कुणाला हात लावू देत नसत.

दुखणं साधंच होतं. वस्तूचा शोध घ्यायला यंत्राला चाळीस सेकंद लागत आणि खिडकीपुढची रांग दाराबाहेर जाई. साहेबांनी सांगून टाकलं होतं, की शुक्रवारपर्यंत शोध एका सेकंदात आला नाही तर दुसरी खिडकीही बंद आणि काकांनी घरी बसायचं. घरी काकांशी बोलायला भिंती तेवढ्या उरल्या होत्या.

कारण तिला तासाभरात सापडलं. काकूंनी सगळं एकाच रकान्यात लिहिलं होतं. 'छत्री, काळी, एक काडी मोडकी, मागच्या सीटखाली. माणूस विसरभोळा नाही, घाईत होता..' प्रत्येक नोंदीच्या शेवटी अशी दोन टिंबं. एक काळी छत्री शोधायची तर यंत्राला काकूंची दोन लाख वाक्यं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावी लागत, आणि तोवर ती पडद्यावरून एकेक करून सरकत राहत.

"वाक्यं तोडावी लागतील, काका," ती म्हणाली. "वस्तू एका रकान्यात, रंग दुसऱ्यात, जागा तिसऱ्यात. मग त्यांची सूची करायची, पुस्तकाच्या मागे असते ना, तशी. यंत्र थेट त्या पानावर जाईल."

"म्हणजे तिचं कुणी वाचणारच नाही?"

"गरजच पडणार नाही."

काका मोज्यांच्या मांडणीकडे बघत राहिले. "दिवसातून पन्नासदा वाचलं जात होतं गं तिचं," ते म्हणाले. "चाळीस-चाळीस सेकंद."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत होती. खिडकी वाचवायची तर काकूंना मोडायचं. टेबलवालीला गलबलून आलं. वाक्यातली वस्तू, रंग, जागा काढून घेतली की जे कुठल्याच रकान्यात बसत नाही, तो तिच्या धंद्यात कचरा. तिने तो टाकला नाही. त्याच्यासाठी एक वेगळा तक्ता केला आणि त्याला नाव दिलं 'उरलेलं'.

मंगळवारी संध्याकाळी सगळं तोडून झालं. जुन्या तक्त्यात दोन लाख अकरा हजार चारशे आठ नोंदी, नव्यात तितक्याच, 'उरलेलं'मध्येही तितक्याच. बुधवारी सकाळी 'उरलेलं'मध्ये शेवटी चारशे आठच्या जागी चारशे नऊ होत्या.

एकच ओळ दोनदा उतरली असेल, नवशिकेही ही चूक करतात, म्हणत तिने ती उघडली. वस्तू डबा, रंग पोपटी, झाकणाला चीर, जागा पुढच्या दारापाशी. उरलेलं: 'आईला सांगायची भीती वाटते आहे..' तारीख आजची होती. नोंदवणारीचं खातं काकूंचं, दोन वर्षांपूर्वी बंद केलेलं.

काकांनीच तर लिहिली नसेल, अशी तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. पण काका एका बोटाने टाइप करत, आणि त्यातही स्वतःच्या नावातलं एक अक्षर गाळत. तरीही तिने पासवर्ड बदलले, लिहिण्याची परवानगी स्वतःपुरती ठेवली आणि मांडण्या धुंडाळल्या. पोपटी डबा कुठेच नव्हता.

दुपारी तीनला एक ड्रायव्हर डबा ठेवून गेला. पोपटी. झाकणाला चीर.

तासाभराने एक शाळकरी मुलगी रडवेली होऊन आली. काकांनी डबा तिच्या हातात दिला आणि हळूच म्हणाले, "आईला आम्ही नाही हं सांगणार." मग मागे न बघता टेबलवालीला म्हणाले, "तुलाही दिसली वाटतं."

"कधीपासून येतात या नोंदी?"

"ती गेल्यापासून. अधूनमधून."

"कुणाला सांगितलं नाहीत?"

"सांगून काय? तुझ्यासारखं कुणीतरी येऊन दुरुस्त करून गेलं असतं."

गुरुवारी चारशे दहा झाल्या. लिहिण्याची परवानगी फक्त तिला होती आणि तिने काही लिहिलं नव्हतं. या नोंदीत वस्तू नव्हती, रंग नव्हता, जागा नव्हती. फक्त उरलेलं होतं.

'मुलगी चांगली आहे. सकाळपासून जेवली नाही..'

तिने लॅपटॉप मिटला, पिशवीतून डबा काढला आणि शेवटच्या घासापर्यंत जेवली. भीती वाटत होती, पण त्याहून जास्त, कुणीतरी विचारलं याचं बरं वाटत होतं.

शुक्रवारी साहेब घड्याळ लावून उभे राहिले. काळी छत्री अर्ध्या सेकंदात आली. "राहू दे खिडकी," म्हणून ते निघून गेले. काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

मग ते खिडकीशी बसले आणि म्हणाले, "आज काय म्हणते गं?"

तिने 'उरलेलं' उघडलं. चारशे अकरा.

वस्तू चष्मा. रंग तपकिरी. जागा खिडकी क्रमांक दोन, डावी कड. उरलेलं: 'विसरला नाही. आता लागणार नाही..'

"सांग ना."

"चष्मा आहे," ती म्हणाली. "कुणाचातरी."

"असेल कुणीतरी विसरभोळा."

"नाही म्हणतात काकू."

काका हसले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी चष्मा काढला, खिडकीच्या डाव्या कडेला ठेवला आणि रुमालाने डोळे टिपले.

तिने हात लांब करून चष्मा उजवीकडे सरकवला.

"तिथे नको, पडेल," काका म्हणाले, आणि चाचपत चाचपत तो पुन्हा डावीकडे ठेवला.

"घाला ना काका. तुम्हाला दिसत नाही."

"दिसतंय की." ते बंद खिडकीमागच्या खुर्चीकडे बघत होते, अगदी सरळ. "ती उशी तेवढी नीट कर गं."

तिला उठायला धीर होईना.

"राहू दे," काका हळूच म्हणाले. "तिने केली."

तिने मान वळवली. उशी सरळ होती.