तीन नंबरची कोठडी

हाँगकाँगच्या त्या आडबेटावरच्या जुन्या पोलीस ठाण्याचं हॉटेल करायचं काम लाय-फानकडे आलं, तेव्हा तिनं आईला काही सांगितलं नाही. खाली काळा दगड, वर विटा, बंदराकडे तोंड केलेला कमानींचा व्हरांडा. इंग्रजांनी हौसेनं बांधलेलं ठाणं. मागच्या अंगाला मात्र चार कोंदट कोठड्या. भिंती दोन हात जाड, भर उन्हाळ्यातही गार. तिसरीत तिचे बाबा तापानं गेले होते. वादळामुळे बोटी बंद, आई पोचेपर्यंत त्यांना पुरूनही झालं होतं. लाय-फान तेव्हा पाळण्यात होती.

त्या कोठडीच्या दाराशी, झरोक्याखाली, फरशीला दोन पावलांचे खळगे पडले होते. कैदी तिथं उभे राहून बाहेर बघायचे, दगड झिजणारच. तिनं फरशी बदलून घेतली. आठवड्यानं नव्या दगडावरून हात फिरवला, तर बोटं तिथंच खाली गेली.

"दगड मऊ निघाला," ती म्हणाली.

"दगडाच्या नावानं का खडे फोडतेस?" राखणदार मा काका म्हणाले. "कुणीतरी उभं आहे. न्यायला घरचं माणूस आण."

तिनं आणखी कठीण दगड बसवला. तोही झिजला. मग मात्र ती आईला घेऊन आली.

आईनं उदबत्ती लावली. बाबांचा जुना सदरा दारात धरला. "अहो, चला घरी," ती हळूच म्हणाली. "उशीर झाला खरा. रागावू नका."

मा काकांचा चेहरा उतरला. "नाव घ्या वहिनी. हाक नावानं मारायची असते."

"नवऱ्याचं नाव? जन्मात घेतलं नाही." आई लाजली आणि मागं वळून न बघता सदरा छातीशी धरून निघाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लाय-फान आईकडे गेली. आईनं दार अर्धंच उघडलं.

"हळू बोल. जेवतोय."

"बाबा?"

"ते नव्हेत गं. परकाच कुणी आहे. सदरा आखूड होतो त्याला."

लाय-फान उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "मग जा म्हणावं."

"कुठं जाईल? त्याला न्यायला इतक्या वर्षांत कुणी आलंच नाही." आईचे डोळे भरले. "तुझे बाबा तिथंच राहिले. उद्या मला परत ने. नाव घेईन मी."

बाबा घरी गेले, आता काम उरकलं म्हणून लाय-फाननं सकाळीच ती कोठडी पाडून घेतली होती.

आत कुणीतरी वाडग्यावर चॉपस्टिक्स आडव्या ठेवल्या.

"झालं वाटतं त्याचं," आई म्हणाली आणि चहा टाकायला वळली.