मौला मिस्त्रीचा अंगठा

खोटं वाटत असेल तर रहिमतपूरला जा आणि मौला मिस्त्रीच्या उजव्या अंगठ्याला टाचणी टोचून बघा.

त्याला कळतंय का बघा.

साल १९७४. मे महिन्यातली अवस. भर दुपार.

मिलिटरीतनं पेन्शनीत आलेल्या लालासाहेबांच्या जीपला मौलानं सांगलीच्या भंगारातलं इंजिन बसवलं होतं. तेव्हापासून जीप चालायची कमी, बार जास्त काढायची. एका बाराला समोरच्या न्हाव्याचा हात हलला आणि खुर्चीत बसलेल्या नानासोंची निम्मी मिशी गेली.

"आज जमलं न्हाई तर गाडी साताऱ्याला नेतो, मौला. गावाला सांगून!" लालासाहेब कडाडले.

"आवं, टायमिंग चुकलंय नुसतं. लावतो की."

टायमिंग लावावं मौलानंच. एक नंबरचा प्लग काढायचा. भोकावर अंगठा ठेवायचा. डोळे मिटायचे. पुढनं कुणीतरी हँडल मारून इंजिन फिरवायचं. हवेनं अंगठा ढकलला की थांबायचं आणि ठिणगी तिथं जुळवायची.

त्या अंगठ्यावर घर चालायचं.

लालासाहेब पुढं गेले. मौलानं डोळे मिटले.

"हाणा."

कर्र... कर्र...

हवेनं अंगठा उचलला.

"बास!"

थांबलं.

"जरा जास्तच झालं. मागं घ्या..."

इंजिन मागं आलं. केसभर.

मग मौलाच्या ध्यानात आलं... हँडल उलटं फिरवलं की नुसतं सुटतं. इंजिन मागं येतच नाही.

"लालासाहेब?"



भोकातनं हवा येत होती... गार.

"मौला, च्या घे रं!"

आवाज रस्त्यापलीकडनं आला. मौलानं डोळे उघडले. लालासाहेब हॉटेलातनं दोन कप घेऊन येत होते.

"तुमी हँडल..."

"हँडल कुठं घावलं मला? इचारावं म्हटलं, तर तू समाधी लावलेली!"

हँडल मागच्या सीटखाली पडलं होतं.

मौलानं टायमिंग तिथंच आवळलं. जीप पहिल्या दमात चालू झाली. लालासाहेबांनी पेढे वाटले. नानासोंना दोन.

आठवड्यानं मौलानं सांगली गाठली.

"अर्जुना डायव्हरचं इंजिन ते," भंगारवाला हाफिज म्हणाला. "टायमिंग चुकलं, हँडल उलटं आलं, छातीत बसलं. जाग्यावर गेला."

"टायमिंग कुणी लावलं व्हतं?"

"त्यानंच."

अंगठा त्या दुपारपासून बधिर. चटका कळत नाही, घाव कळत नाही. आता भोकावर अंगठा बायको ठेवते, जैनब. मौला हँडल मारतो.

फक्त अवसेला, दुपारी जेवताना... अंगठ्याला खालनं हवा ढकलते.

मौला हळूच "बास" म्हणतो.

बहुतेक वेळा थांबतं.