टेपवर न घेतलेला आवाज

“शूऽऽ!”

बारामतीच्या फलाटावर सुकन्याला उभ्या जन्मात कुणी असं गप्प केलं नव्हतं. एका हातात आप्पांच्या भाकरीचं फडकं, दुसऱ्या हातात ताकाची किटली... आणि समोर हा कोण कुठला पोरगा, कानाला हेडफोन, खांद्याला टेपरेकॉर्डर, माईक थेट इंजिनाच्या चाकांकडे धरलेला!

“मी कुठं बोलले?” ती फणकारली.

“बांगड्या...” तो कुजबुजला. “बांगड्या वाजतायत तुमच्या.”

“मग वाजणारच की. काचंच्या हायत, कापसाच्या न्हाईत.”

झालं! इंजिननं फुस्सकन वाफ सोडली, पण त्याआधीच सुकन्याचं वाक्य टेपवर जाऊन बसलं होतं. त्यानं कपाळाला हात लावला, आणि मग हसला. हसला की बरा दिसतो, हे तिच्या लक्षात आलं आणि लक्षात आलं म्हणून तिला स्वतःचाच राग आला.

पोराचं नाव मिहिर. पुण्याचा, नोकरी इंदापुरात, बँकेत. दौंड-बारामती गाडीला आता डिझेलचं इंजिन लागणार, वाफेचं इंजिन थोड्याच दिवसांचा सोबती, असं कानावर आल्यापासून दर रविवारी तो एसटीनं बारामती गाठायचा. लोक फोटो काढतात, हा आवाज गोळा करायचा. काटफळ स्टेशनाकडून येणारी लांबची शिट्टी, गाडी सुटतानाची धाप, इंजिन उभं असतानाचं नुसतं उसासणं... सगळं.

आणि ते इंजिन चालवणारे संभाजीराव म्हणजे सुकन्याचे आप्पा. त्यांच्या वडिलांनी जन्मभर मेंढरं राखली, आप्पांनी इंजिन राखलं; माया दोघांची तेवढीच.

पुढच्या रविवारी सुकन्या बांगड्या उतरवून गेली. भाकरी थापताना अडचण होते म्हणून. दुसरं काही नाही.

“आज हात मोकळे?” मिहिरनं विचारलं.

“तुमच्या इंजिनला तरास नको.”

“इंजिनला नाही होत. पण मला... चुकल्यासारखं वाटतंय.”

तिनं किटलीचं झाकण उघडलं. आप्पांच्या ताकातलं पेलाभर त्यालाही मिळालं.

“रविवारी ताक इतकं कसं लागतंय गं?” आईनं, छबूबाईंनी, एकदा विचारलंच.

“उन्हाळा हाय न्हवं.”

“मार्गशीर्षात?”

सुकन्यानं किटली उचलली आणि पळ काढला. पण हसता हसता मनात एक काटा सलायचा. हा येतो कुणासाठी? इंजिन गेलं की हाही गेलाच का? विचारायला जीभ रेटत नव्हती.

“आता एकच आवाज राहिलाय,” मिहिर एकदा म्हणाला. “शेवटच्या फेरीनंतर आप्पा खाली उतरतील... तेव्हा इंजिन जे उसासेल ना, तो. एवढ्यासाठीच सगळं केलं. तो पुन्हा मिळायचा नाही.”

तो दिवस उजाडला. इंजिनला झेंडूचे हार पडले, नारळ फुटले, पेढे वाटले गेले. गर्दी पांगली. आता दुसरा ड्रायव्हर इंजिन दौंडला नेणार होता, ते परत न येण्यासाठी. आप्पा खाली उतरून एकटेच त्याच्यापाशी उभे राहिले. मिहिरनं माईक धरला. टेप फिरू लागली. सुकन्या मागे श्वास रोखून उभी होती.

आप्पांनी इंजिनच्या अंगावर हात ठेवला, मग कपाळ टेकवलं. आणि ज्या माणसाला लेकीनं कधी रडताना पाहिलं नव्हतं, तो हुंदके देऊन रडायला लागला.

“लई केलंस गं बये... माझी लेकरं तुझ्या जिवावर वाढली...”

टक्. मिहिरनं बटण बंद केलं. हेडफोन काढले, आणि ऐकूसुद्धा येऊ नये म्हणून पाठ फिरवून तो पाच-सहा पावलं लांब गेला. इंजिन उसासतच राहिलं. ते टेपवर कुणीच घेतलं नाही.

बऱ्याच वेळानं आप्पा पटक्याच्या शेवानं तोंड पुसत आले.

“घेतलास का रं पोरा, माझ्या बाईचा आवाज?”

“नाही हो आप्पा. नेमकी बॅटरी संपली.”

आप्पांनी सुटकेचा श्वास टाकला. त्याच्या पाठीवर थाप मारली आणि घराकडे वळले.

टेपरेकॉर्डरवरचा बॅटरीचा लाल दिवा चांगला लखलखत होता. सुकन्याचे डोळे भरून आले. आप्पांची लाज ह्यानं आपल्या जिवाच्या ठेव्यापेक्षा मोठी मानली. इतके कुणाचे उपकार मानावेसे तिला आजवर वाटले नव्हते... आणि इतकं कुणी आवडलंही नव्हतं.

“परत मिळायचा न्हाय म्हणत होता तो आवाज,” ती म्हणाली.

“नाही मिळणार. पण ते त्या दोघांचं बोलणं होतं.”

“म्हणून आप्पांशी खोटं बोललात?”

“हो. रागावलात?”

तिनं मान हलवली. नाही. मग पदराशी चाळा न करता, सरळ त्याच्याकडे बघत म्हणाली, “असं खोटं बोलणारा मानूस मला जन्मभर पायजे.”

मिहिरच्या खांद्यावरून टेपरेकॉर्डर घसरला, तो त्यानं कसाबसा सावरला.

“म्हणजे... तुम्ही...”

“म्हंजे रविवारी या. इंजिन नसलं तरी. आन् येताना आई-वडलांना घेऊन या.”