पाच औंसांचा लून

पोस्टाच्या काउंटरवर ब्रिटाने पाकीट ठेवलं नाही, पक्षी ठेवला. सात इंच लांब, पाइनच्या लाकडाचा, अजून रंग न चढलेला, आणि पोटाखाली चार काळी चाकं असलेला.

पलीकडच्या माणसाने आधी पक्ष्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तिच्या लोकरी टोपीवरचा बर्फ वितळून कपाळावर ओघळत होता.

"कुठे पाठवायचाय?"

"चर्चच्या तळघरात. पण तो स्वतःच पळत जाईल," ती म्हणाली. "मला फक्त वजन हवंय. औंसाच्या दहाव्या भागापर्यंत खरं बोलणारा काटा गावात हा एकच आहे म्हणे."

त्याने पक्षी दोन्ही हातांनी उचलला, खरा असल्यासारखा, आणि हलकेच काट्यावर बसवला.

"सव्वातीन. पाचापर्यंत न्यायचं तर याला अजून पावणेदोन औंस भरवावे लागतील."

"कुठून भरवू?"

"शेपटीकडून."

ब्रिटाला हसू फुटलं. तो हसला नाही... पण त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग तो घाईघाईने समजावू लागला. वजन जितकं मागे, तितका जास्त वेळ ते उतारावर राहतं, गाडीला ढकलत राहतं. शिवाय या पक्ष्याचं बूड चांगलं गुबगुबीत आहे, शिशाच्या गोळ्या आरामात मावतील. "बूड" हा शब्द तोंडातून गेल्यावर पाळ्या आणखीच लाल झाल्या. त्याच्या शर्टावरच्या पट्टीवर नाव होतं — एमेट.

ब्रिटा एल्सटॅड ऑक्टोबरात हेरॉन बेला, आपल्या गावी, परतली होती. मिनियापोलिसमध्ये ती दुकानांच्या पाट्या रंगवायची. उन्हाळ्यात तिच्या वडिलांना, वर्नला, अर्धांगाचा झटका आला आणि उजव्या हाताने ऐकणं सोडलं. मार्चपर्यंत गावातच थांबेन, असं तिने शहरातल्या मालकाला कळवलं होतं.

दर फेब्रुवारीत चर्चच्या तळघरात स्काउटच्या पोरांची पाइनवुड डर्बी व्हायची. लाकडाचा एक ठोकळा, आसांसाठी चार खिळे, चार चाकं, आणि वजन जास्तीत जास्त पाच औंस. इंजिन नाही, चावी नाही, गाडी उतारावर सोडायची आणि बघत राहायचं. पोरांची शर्यत संपली की मोठ्यांची. मोठ्यांच्या शर्यतीत वर्न एल्सटॅड लागोपाठ सहा वर्षं पहिला आला होता. गेल्या वर्षी मात्र सेकंदाच्या तीन हजारांश भागाने हरला, आणि तेव्हापासून तो तीन हजारांश भाग घरात तिसऱ्या माणसासारखा वावरत होता... घरात माणसं दोनच असूनही.

यंदा पटाशी धरता येईना म्हणून वर्नने ठोकळा लेकीच्या हातात दिला. पाचर कर, म्हणाला, पुढे चपटी, मागे जाड, बाकी काही नको. ब्रिटाने लून कोरला — इथल्या तळ्यांवरचा पाणपक्षी, पाठीवर पांढऱ्या ठिपक्यांची चौकट मिरवणारा, लाल डोळ्याचा. वर्न दोन दिवस धड बोलला नाही.

त्या संध्याकाळी सूप पिताना तिने शेपटीतल्या वजनाची गोष्ट सांगितली. वर्नचा चमचा हवेत थांबला. हे कोणी सांगितलं, त्याने विचारलं.

"पोस्टातला तो. एमेट."

"एमेट डूली." वर्नने चमचा खाली ठेवला. "मला हरवणारा तोच."

आता भडका उडणार, असं ब्रिटाला वाटलं. पण वर्न टेबलावर पुढे झुकला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "चाकांबद्दल काय म्हणाला?"

तेव्हापासून ब्रिटाच्या पोस्टात खेपा सुरू झाल्या. वर्न एक प्रश्न द्यायचा, ती जाऊन एक तिकीट घ्यायची आणि तो प्रश्न सहज सुचल्यासारखा विचारायची. एमेट सगळं सांगायचा. खिळ्यांच्या अंगावर बारीक धार असते, ती ओल्या पॉलिशपेपरने आरशासारखी घासायची. पुढचं एक चाक केसभर उचलून बसवायचं, म्हणजे गाडी तिनांवरच पळते. आणि लूनची चोच बरोबर मधोमध हवी, नाहीतर उताराच्या माथ्यावर गाडी अडवून धरणाऱ्या खुंटीवर ती नीट टेकणारच नाही. ब्रिटा घरी येऊन वर्नला सांगायची, वर्न मान हलवायचा, आणि दुसऱ्या दिवशीचा प्रश्न तयार ठेवायचा. तिलाही हल्ली दुसरा दिवस लवकर उजाडावासा वाटू लागला होता.

पाचव्या खेपेला एमेटने तिकीट फाडता फाडता विचारलं, "हा प्रश्न तुझा नाही, हो ना?"

ती सुट्टे पैसे मोजू लागली.

"वंगणाची ग्राफाइटची पूड आधी घालायची की चाक बसवल्यावर, हे वर्न विचारतो. तू विचारशील ते वेगळं असेल."

"मग माहीत असून सांगत का राहिलास?"

"तो पक्षी आवडलाय मला." त्याने आधीच शिक्का बसलेल्या पाकिटावर पुन्हा शिक्का मारला. "आणि..."

"आणि?"

"आणि तुला कोणाला पत्रं लिहायची नसतील, तर ती तिकिटं परत घेतो."

ब्रिटाला कोणालाही पत्रं लिहायची नव्हती. तरी तिने तिकिटं परत दिली नाहीत.

शनिवारपासून ती त्याच्या गॅरेजमध्ये खिळे घासायला जाऊ लागली. ज्याची गाडी त्यानेच बनवायची, असा नियम. म्हणून तो नुसता शेजारी उभा राहून बोलायचा. शेगडीत बर्चची लाकडं तडतडायची, खिडकीबाहेर सुपिरिअर सरोवरावरचं धुकं यायचं-जायचं. त्याची स्वतःची गाडी म्हणजे निळी, चपटी पट्टी. हिला चेहराच नाही, ब्रिटा म्हणाली. चेहऱ्याला वारा लागतो, तो म्हणाला, आणि तिच्या गालावरच्या ग्राफाइटच्या काळ्या ठशाकडे बघत राहिला.

"मार्चमध्ये जाणार म्हणे तू."

"हो... ठरलं तर तसंच आहे."

"हं," एमेट म्हणाला, आणि आधीच घट्ट असलेला टेबलावरचा शिकंजा त्याने आणखी आवळला.

शर्यतीच्या दिवशी तळघर कॉफीच्या वासाने आणि माणसांनी भरून गेलं होतं. वजन करणाऱ्या गंडरसनबाईंनी लून हातात घेतल्यावर चष्मा पुसून पुन्हा पाहिला, इतका तो देखणा झाला होता. पण काटा पाचाच्या वर गेला. वार्निशचा शेवटचा हात नडला होता. ब्रिटाने जिन्यावर बसून शेपटीखालच्या भोकातून शिसं खरवडलं, कणाकणाने, आणि तिसऱ्या खेपेला काटा नेमका पाचावर थांबला.

लून एकामागून एक फेऱ्या जिंकत गेला. निळी पट्टीही. शेवटी दोघंच उरले.

खुंट्या पडल्या. लाकडावर चाकांची एकच सरसर... आणि पाटीवर आकडे उजळले. लून पुढे होता, दोन हजारांश भागाने.

सगळं तळघर ओरडलं. वर्न तेवढा ओरडला नाही. त्याने लेकीला जवळ बोलावलं. "विचार त्याला," तो म्हणाला. "मुद्दाम सोडली का त्याने शर्यत, विचार."

ब्रिटालाही तीच शंका आली होती. गाड्या खाली येत असताना एमेट गाडीकडे बघतच नव्हता, तिच्याकडे बघत होता, हे तिने पाहिलं होतं. ती सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मुद्दाम हरलास?"

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "नाही."

"खरं सांग, एमेट."

"मनात आलं होतं," तो सावकाश म्हणाला. "सकाळी पूड घालताना हात थांबला. एका चाकात कमी घातली असती तर कोणाला कळलंही नसतं."

"मग?"

"तुला कळलं असतं. आज नाही तर उद्या. मग तू माझं तोंड पाहिलं नसतंस." त्याने निळी गाडी उचलली. "म्हणून चारही चाकांना नेहमीपेक्षा जास्त घातली. मी जीव तोडून पळवली गं ती. तू हरवलंस मला."

त्याने निळी गाडी नेऊन वर्नच्या डाव्या हातात दिली. वर्नने ती कानाशी धरली, डोळे मिटले आणि ब्रिटाला एकेक चाक फिरवायला सांगितलं. चौथं चाक थांबल्यावर त्याने डोळे उघडले.

"स्वच्छ आहे," वर्न म्हणाला. "इतकी स्वच्छ मलाही कधी जमली नाही." तरी त्याचं समाधान होईना. त्याने गंडरसनबाईंना गळ घालून बाजू बदलून आणखी तीन फेऱ्या घ्यायला लावल्या. एक निळ्या पट्टीने जिंकली, दोन लूनने. तेव्हा कुठे वर्न खुर्चीत मागे रेलला. लेकीचा हात त्याने डाव्या हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. मग एमेटकडे न बघताच त्याने हुकूम सोडला: "रविवारी जेवायला ये. आणि ही गाडी घेऊन ये."

माणसं पांगली. उताराचे लाकडी तुकडे सुटे करून मागच्या शेडमध्ये न्यायचे होते. सगळ्यात लांब तुकड्याचं एक टोक ब्रिटाने धरलं, दुसरं एमेटने. बाहेर भुरभुर बर्फ पडत होता. पाऊलवाट अरुंद होती आणि तो उलटा चालत होता, तिच्याकडे तोंड करून.

"कॅफेवालीने नवी पाटी रंगवायला सांगितलीय," ब्रिटा म्हणाली. "मासेवाल्यानेही. लून बघून."

"म्हणजे... मार्चमध्ये?"

"नाही जाणार."

तो थांबला, म्हणून तीही थांबली. "पाट्यांसाठी थांबतेयस?"

"पाट्यांमुळे थांबता येईल." ब्रिटाने त्याच्या पापण्यांवर अडकलेल्या बर्फाकडे पाहिलं. "थांबावंसं वाटतंय ते... तुझ्यामुळे."

एमेटने ते जड लाकूड पोटाशी घट्ट धरलं.

"ब्रिटा, हे जरा खाली ठेवूया?"

"का? शेड तर आलीच."

"मला हात मोकळे हवेत."

त्यांनी लाकूड बर्फात ठेवलं. वाटेच्या टोकाला ट्रकमध्ये बसलेल्या वर्नने हॉर्न वाजवला. थोड्या वेळाने पुन्हा वाजवला. दोन्ही वेळा दोघांना तो अगदी स्पष्ट ऐकू आला होता.