मोजणाऱ्यांची दोन मतं

सव्वीस जानेवारीचं झेंडावंदन झालं आणि शाळेच्या अंगणातच ग्रामसभा बसली. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी चष्मा कपाळावर ढकलत विचारलं, "बारावी झालेली दोघं पुढं या, मतं मोजायला." वरच्या पाड्यातून गिरजा उठली, खालच्या पाड्यातून एक उंच पोरगा. कुंडलिक. टोकावड्याच्या बाजारात कधीतरी ओझरता दिसलेला, इतकीच काय ती ओळख.

"एकमेकांची माणसं मोजायची हां," भाऊसाहेब म्हणाले. "म्हणजे भांडण नको."

"मोजताना माझ्याकडं बघू नको गो," कुंडलिक हळूच म्हणाला, "आकडा चुकंल."

"तुझ्याकडं कोण बघतंय रे," गिरजा म्हणाली, आणि उगाचच तिचे कान तापले.

खरं तर तिला थट्टा सुचत नव्हती. ठराव एवढाच होता, की मुक्कामाची एसटी वरच्या पाड्यापर्यंत न्यायची, का आहे तशी खालीच थांबवायची. पण गिरजाचं सगळं त्यावरच अडलं होतं. मुरबाडच्या कॉलेजात नाव घालायचं होतं, आणि बाबांनी सांगून टाकलं होतं, गाडी दारात आली तर जा. पहाटे दीड कोस रानातून एकटी पोर मी धाडणार नाय. आणि खाली गाडी थांबायची तिथं चहाचं हॉटेल कुणाचं, तर कुंडलिकच्या बापाचं, धाकलूचं. गाडी वर गेली की गिऱ्हाईकही गेलं.

आधी हात वर करायला सांगितले, तर बायकांनी दोन-दोन हात वर केले. "दुसरा घरवाल्याचा. तो गुरांकडं गेलाय." भाऊसाहेबांनी कपाळाला हात लावला आणि सगळ्यांना दोन ओळींत उभं केलं.

गिरजा मोजू लागली. चाळीस, एक्केचाळीस… पलीकडून तो बघतोय असं वाटलं. मान वळवली, तर मेला खरंच बघत होता. कशीबशी ती छप्पन्नला पोचली. कुंडलिकने वरच्या पाड्याचे सत्तावन्न सांगितले. एका मताने गाडी वर आली.

आणि तेव्हाच तिला गोजरआजी दिसली. खालच्या पाड्याची. गुडघे धरलेले, म्हणून ओळीमागे भिंतीला टेकून बसलेली, पण हात वर केलेला. तो हात गिरजाने मोजलाच नव्हता.

कुणालाच कळलं नव्हतं. भाऊसाहेब लिहायलाही वाकले होते. तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. कॉलेज हवंच होतं… पण म्हातारीचं मत गिळून नको, बाई.

"थांबा, भाऊसाहेब. माझं चुकलं. खालचेपण सत्तावन्न."

अंगणात एकच कालवा झाला. बाबा तिच्याकडे बघतच राहिले. बरोबरी झाली की निर्णायक मत सरपंचांचं, आणि सरपंच कोंडूभाऊ खालच्याच पाड्याचे. त्यांनी घसा खाकरला. संपलं, गिरजाच्या मनात आलं.

"मोजणाऱ्यांनी मत दिलंच नाय अजून," कुंडलिक म्हणाला.

गिरजाने हात वर केला. अठ्ठावन्न. आता त्याने खालच्या बाजूने हात केला की पुन्हा बरोबरी, आणि पुन्हा सरपंच. धाकलू लेकाकडे टक लावून बघत होता. गिरजाला तर तिकडे बघवतच नव्हतं.

"मी तटस्थ," कुंडलिक म्हणाला. "लिहा तसं."

भाऊसाहेबांनी लिहिलं, ठराव मंजूर. धाकलू खांद्यावरचा टॉवेल झटकून चालू पडला.

माणसं पांगल्यावर गिरजाने कुंडलिकला शाळेच्या नळापाशी गाठलं. "कीव आली होय रे माझी?"

"कीव कसली. हातात आलेली गाडी तू सोडलीस, तवाच… आवडलीस तू मला. पण बापाच्या विरुद्ध हात वर करवंना."

"आणि हॉटेलाचं काय आता?"

"गाडी जाईल तिकडं हॉटेल. तुमच्या अंगणाच्या कडेला दोन बाकडी मावतील ना? पहाटे चहा पिशील, मग गाडीत चढशील. मी असंन तिथं… रोज."

गिरजाला बरं वाटलं.

"जागा बाबांची हाय," ती म्हणाली. "त्यांना इचारावं लागंल."

"इचारीन. पण… जागेचंच इचारू, का…"

"दोन्ही एकदमच इचार," गिरजा म्हणाली. "आणि आजच इचार. तोवर मला झोप नाय लागायची."