वाढत्या अंगाची कुंडी

आमच्या सासूबाईंना मापाची वस्तू विकत घेता येत नाही. चप्पल असो की पातेलं, त्या एक माप वरचंच आणतात आणि म्हणतात, "वाढत्या अंगाचं आहे, राहू दे." नातीच्या फ्रॉकबद्दल हे ठीक आहे. पण चाळिशी ओलांडलेल्या लेकालाही त्यांनी कोट आणला तो वाढत्या अंगाचाच. बाहीतून त्याच्या बोटांची टोकं तेवढी दिसायची.

मी गणवेशांच्या कारखान्यात कापड बेतते. दिवसभर गळ्यात टेप असते. बोटभर चूक झाली तर अख्खं ठाण वाया जातं, आणि घरी हा असा कारभार. जित्याची खोड, म्हणून मी केव्हाच हात टेकले होते.

खरी काळजी वेगळी होती. आमची मुलगी अकरा वर्षांची, पण अंगाने सात-आठ वर्षांची वाटे. तिची उंची बरेच दिवस जागची हललीच नव्हती. घरात सगळे तिला चिमणी म्हणायचो, पण ते नाव आता माझ्या तोंडून निघताना अडखळायचं. डॉक्टरबाई म्हणायच्या, "तपासण्या ठीक आहेत, वाट बघू." मी वाट बघत होते. चिमणी वर्गाच्या फोटोत सगळ्यांच्या पुढे बसून खुशाल हसायची, आणि तो फोटो बघून मला रडू यायचं.

थंडी सरत आली तेव्हा दिवाणखान्यातल्या मॉन्स्टेराने मान टाकली. तळहाताएवढाल्या भोकांच्या मोठ्या पानांचं ते झाड खिडकीजवळ कित्येक वर्षं सुखात होतं. आता कुंडीच्या तळातून मुळं बाहेर डोकावत होती आणि वरून घातलेलं पाणी तसंच खाली निघून जात होतं. मी नर्सरीवाल्याला विचारलं.

"कुंडी बदला. हीच वेळ आहे, नवी पानं फुटायच्या आधी," तो म्हणाला. "पण ताई, नवी कुंडी दोनच बोटं मोठी घ्या. उगाच प्रचंड घेतलीत तर माती ओली राहते, मुळं कुजतात."

हे ऐकायला सासूबाई सोबत होत्या. तरी दुसऱ्या दिवशी त्या घेऊन आल्या तो टब!

"आई, यात चिमणी आंघोळ करेल," मी म्हटलं.

"करू दे की. झाडाचंही अंग वाढतंच. सारखं सारखं कोण कुंड्या बदलणार?"

"दोन बोटं म्हणाला होता तो."

"त्याची बोटं असतील मोठी," असं म्हणून त्यांनी विषय संपवला.

माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. लोकांना वर-खाली करण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे आई आणि बायको यांच्यामध्ये तो कुठल्याच मजल्यावर थांबत नाही. त्याने निमूट जुनी कुंडी फोडली. आत माती जवळजवळ उरलीच नव्हती. नुसती मुळं, कुंडीच्या कडेकडेने गोल गोल फिरलेली. जागा नसली की ती अशीच भिंत धरून फिरतात, असं नर्सरीवाला म्हणाला होता. चिमणीने ती बोटांनी हलकेच मोकळी केली. आम्ही टबात नारळाचा भुसा, खत आणि माती भरून झाड मधोमध बसवलं. एवढ्या मोठ्या टबात ते हरवल्यासारखं दिसत होतं. मला खात्री होती, महिनाभरात कुजणार.

कुजलं नाही. आठवड्यात नवं पान आलं, मग आणखी एक. टब भरत चालला.

मग एका सकाळी नवरा कोट घालून निघाला आणि मी त्याला दारात थांबवलं. बाह्या बरोबर मनगटावर होत्या.

"धुतल्यावर आटला असेल," तो म्हणाला.

मी कोट काढून घेतला आणि मोजला. कोट होता तेवढाच होता. मग मी नवऱ्याला मोजलं. माझी टेप ताणली गेली असेल म्हणून कारखान्यातल्या लोखंडी पट्टीशी ताडून पाहिली. टेप बरोबर होती.

सासूबाईंच्या टाचेमागे फटफट वाजणाऱ्या चपला वाजेनाशा झाल्या. माझी सैल अंगठी घट्ट बसली. आम्ही जाड झालो नव्हतो. कारखान्यातली मैत्रीण माझ्याकडे बघून म्हणाली, "तू मोठी दिसतेस गं." कुठे मोठी, ते तिला सांगता येईना.

आणि चिमणी! तिचा घोट्यापर्यंतचा फ्रॉक गुडघ्यावर आला. मी तिला दाराच्या चौकटीशी उभं केलं, डोक्यावर पट्टी धरली, आणि माझा हात जुन्या खुणेच्या वर गेला. चांगला वीतभर वर गेला. मी तिथेच खाली बसून रडले. चिमणी माझ्याभोवती नाचली, सासूबाई नाचल्या, नवऱ्याने दोघींना उचलायला जाऊन कंबर धरली. आमचा आनंद गगनात मावत नव्हता. डॉक्टरबाईही खूश झाल्या. "मुली अशा एकदम वाढतात कधीकधी," त्या म्हणाल्या. सत्तरीला टेकलेली तिची आजीही वाढते आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही. कारण शोधायला जावं आणि वाढ थांबावी, एवढा धोका कुठली आई घेईल?

त्या वर्षी आम्ही जितके हसलो तितके कधीच हसलो नव्हतो. नवऱ्याचं डोकं चौकटीला आपटायचं आणि सगळे हसायचो. स्वयंपाकघरात सासूबाईंची आणि माझी कोपरं एकमेकींना लागायची. जेवताना टेबलाखाली गुडघ्यांची गर्दी व्हायची. "अंथरूण पाहून पाय पसरावेत," नवरा म्हणायचा आणि पलंगाबाहेर गेलेले पाय हलवून दाखवायचा. मी रोज कुणाची तरी शिवण उसवत होते आणि काम करता करता गुणगुणत होते.

खोलीच्या मधून चालणं मात्र आम्ही सोडलं होतं. केव्हा सोडलं ते कळलं नाही. सगळे भिंतीच्या कडेने जायचो, एका हाताने भिंत धरून, एकाच दिशेने. तसं बरं वाटायचं.

एकदा कामावरून आले तर बंद दाराच्या खालच्या फटीतून काहीतरी बाहेर आलेलं दिसलं. चिमणीच्या पायाची बोटं. दाराआड बसून तिने ती उन्हात काढली होती.

"हे काय गं?"

"बाहेर छान वाटतं आई," आतून आवाज आला. "बाहेर जागा आहे."

मी बोटांना गुदगुल्या केल्या. ती खिदळली, पण पाय आत घेतला नाही.

पुन्हा थंडी सरली. टबाखालूनही मुळं डोकावू लागली. रविवारी दुपारी आम्ही चौघं टबाभोवती जमलो. सासूबाईंनी यंदा पाण्याची टाकीच आणली होती. मी एक शब्द बोलले नाही. उलट टाकीपाशी उभी राहून मनातल्या मनात माप घेतलं आणि मला ती बरोबर वाटली.

"टब फोडायचा नाही हं, चांगला आहे," सासूबाईंनी बजावलं.

"नाही फोडत. चारी बाजूंनी थोपटायचा. मुळं कडा सोडतात. मग आडवा करायचा आणि झाड ओढून घ्यायचं," नवरा म्हणाला. गुडघ्यांवर बसून तो टब थोपटू लागला. लहान मूल निजवावं तसा सावकाश. थप, थप, थप.

घाईत चिमणीच्या हातून पाण्याची झारी कलंडली. फरशीवरचं पाणी नेहमीसारखं बाथरूमकडे निघालं. त्या बाजूला उतारच आहे. नवऱ्याने दम खायला हात थांबवले.

थप, थप, थप.

आम्ही त्याच्या हातांकडे पाहिलं. ते मांडीवर होते.

आवाज खिडकीकडच्या भिंतीतून येत होता. बाहेरून. आमचं घर बैठं, चारी बाजूंनी सुटं. खिडकीबाहेर लख्ख ऊन होतं आणि कुणीही नव्हतं. आवाज स्वयंपाकघरामागे गेला. मग झोपायच्या खोलीमागे.

"कोण आहे?" सासूबाईंनी विचारलं.

चिमणीने भिंतीला गाल लावला. तिचा चेहरा उजळला.

"आई, किती हळू थोपटतायत गं," ती म्हणाली. "आपल्याला लागू नये म्हणून."

मी तिचा हात धरला. माझ्या हाताएवढाच झाला होता तो. मला भीती वाटायला हवी होती. पण छातीत नुसता आनंद दाटून आला होता.

आवाज घराला वळसा घालून आला आणि थांबला.

फरशीवरचं पाणीही थांबलं. क्षणभर तसंच राहिलं. मग ते वळलं आणि हळूहळू दाराकडे वाहू लागलं.